डावी टाच

योलान वेरेबेशचा चेहरा मी चार वर्षांत
फार तर दहादा नीट पाहिला असेन.
प्रॉम्प्टर म्हणजे जमिनीतला माणूस.
रंगमंचाच्या कडेला शिंपल्यासारखं झाकण,
त्याखाली मी, एक मिणमिणता बल्ब, संहिता,
आणि नाकासमोर
कोलोझ्वारच्या समस्त नटनट्यांचे पाय.

म्हणून मला विचाराल तर ती अशी होती:
उजव्या बुटाची शिवण उसवलेली,
भोकावर दौतीतल्या शाईचं बोट फिरवलेलं.
राणी असो की मोलकरीण, बूट तेच.
आणि वाक्य विसरली
की डावी टाच जराशी उचलायची,
माशी बसल्यावर गायीची कातडी हलते, तेवढीच.
मी शब्द सोडायचो. अर्धाच.
पुरायचा तिला.
लोक म्हणायचे, काय पाठांतर आहे पोरीचं!
मी खाली बसून पान उलटायचो.

तेराच्या हिवाळ्यात तिचा घसा बसला.
बसला तो उठलाच नाही.
कसलंसं जळजळीत औषध लावलं, मानेला गरम मिठाची पुरचुंडी बांधली,
मग मॅनेजरने दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला
आणि तिच्या भूमिका आरादच्या एका मुलीला दिल्या,
जिला सगळंच्या सगळं पाठ होतं.
त्या मुलीचे पाय मला आठवत नाहीत.

उन्हाळ्यात सिनेमावाले आले.
आमच्याच गोदामातल्या भिंती नेऊन
सॉमोशच्या काठी उन्हात खोली उभी करायचे, छपराविना.
दारं-खिडक्या बंद,
तरी टेबलावरचा कपडा फडफडतोय.
तिथे आवाज लागत नव्हता.
तीन उन्हाळे, तीन मूकपट.
मला कोणी बोलावलं नाही;
मुक्यांच्या गावात कुजबुज्याला कोण विचारतो?

तिसरा पाहिला सोळाच्या नोव्हेंबरात.
हॉलमध्ये कोळसा नव्हता, सगळे ओव्हरकोट घालून,
पियानोवर दंतवैद्याची विधवा, हातमोज्यांची बोटं कापलेली.
आणि योलान. चेहरा घराएवढा.
मी आधी खालीच बघितलं, सवयीने,
तर तिथे पाय नव्हते.

पाटी आली: ग्योर्जी, जाऊ नकोस.
सगळे हळहळले.
पण तिचे ओठ ते म्हणत नव्हते.
वीस वर्षं तोंडं खालून वाचलेला माणूस मी,
मला फसवणार कोण?
ओठ म्हणत होते, पुढे काय?
मग ती दूर दिसली, दारापाशी, अख्खी.
डावी टाच उचलली.

'किल्-' मी म्हणालो.
जरा मोठ्यानेच निघालं असावं,
पुढचा एक-हाती सार्जंट वळून श्श म्हणाला.
पडद्यावर टाच खाली आली.
तिने खिशात हात घातला, किल्ली काढली.

फिल्म सहा महिन्यांपूर्वी काढलेली होती, हे मलाही कळतं.
वेडा नाही मी.
मी फक्त काय झालं ते सांगतोय.

पुढे युद्ध हरलो, गावाचं नाव बदललं,
रिळं कोणी वजनावर विकली.
चांदी खरवडून घेतात म्हणे त्यातली,
उरलेल्याचे कंगवे करतात, बायकांच्या बुटांच्या टाचा करतात.
मी चौकशी केली नाही.

तिचं एक कार्ड आलं, तोर्दाहून.
मिठाच्या खाणीतल्या हिशेबनिसाशी लग्न केलंय.
'आता मीही तुमच्यासारखी कुजबुजतेच.
ह्यांना वाटतं, बायको लाजाळू मिळाली.'
खाली सही, आणि सहीच्या खाली
एक वाक्य सुरू करून सोडून दिलेलं.

उत्तर लिहायला तीन रविवार बसलो.
हवापाणी, सांधे, नव्या मंडळींचं नवं नाटक,
सगळं लिहून खोडलं.
शेवटी तिच्याच वाक्याचा
पुढचा शब्द लिहिला, अर्धा,
आणि तिकीट चिकटवलं.